एक डिस्क, मागं सिस्टर

सिस्टर गाडीवर बसण्याआधी गाडीची ओळख करून घ्यायच्या. मी हँडल धरून उभा राहायचो आणि त्या शेजारी येऊन पुढचा ब्रेक स्वतःच्या हातानं दाबायच्या. गाडी जरा पुढं ढकलायच्या, पुन्हा दाबायच्या. गाडीचं तोंड खाली दबून हळूच वर आलं की मान हलवायच्या. मग लसींचा निळा डबा मांडीवर यायचा आणि मागून एकच शब्द, "चाल."

धडगावच्या पुढं डोंगरात आमचं उपकेंद्र. त्या तिथं परिचारिका आणि मी आरोग्यसेवक. त्या शहाद्याकडच्या, सपाटीवरच्या. घरची बोली अहिराणी, आणि ती त्या कुणाशीही बोलायच्या, साहेबांशीसुद्धा. मी इथलाच, पावरा आदिवासी. आमच्या पाड्यातला पहिला पदवीधर, तोही विज्ञानाचा. हे मी कुणी न विचारता सांगतो, आणि का सांगू नये?

सिस्टरना गाडी चालवता येत नव्हती. सगळी नोकरी त्यांनी कुणाच्या ना कुणाच्या मागं बसून केली. पण बसायच्या कशा? पंजाबी ड्रेस घालून, दोन्हीकडं पाय टाकून. सुरुवातीला धडगावच्या स्टँडवरचे जीपवाले हसायचे म्हणे. त्यांनी एकाला गाठून विचारलं, "तू जीपना सगळा माल एकच अंगले भरस का रे, भाऊ?" त्यानंतर कुणी हसलं नाही.

डब्यात बर्फाच्या मधोमध लसीच्या काचेच्या बाटल्या असायच्या. मी दणकन ब्रेक मारला की त्या एकमेकींवर आपटायच्या आणि माझ्या कानामागं आवाज यायचा, "वाजन्यात रे." रागावून नाही, फक्त कळवल्यासारखं. पण ते ऐकायला लागू नये म्हणून मी गाडी चालवायला खऱ्या अर्थानं शिकलो. पाड्यावर बाया लेकरं घेऊन सकाळपासून झाडाखाली बसलेल्या असत. बाटली फुटली तर त्यातल्या कुणाला तरी रिकामं परत पाठवायचं, हे सिस्टरना चालत नसे.

मी रुजू होण्याआधी गाडी घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. आत सळई होती. डॉक्टरसाहेबांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "आता एकदा जरी पडलात तरी फिरती बंद. केंद्रात बसून काम करायचं." दुसऱ्या कुणाला ते बरं वाटलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "आनि पाड्यावरल्या बाया खाले येतीन का? नही येतीन." विषय तिथं संपला, पण साहेबांचा शब्द कायम राहिला.

अशात मी नवी गाडी घ्यायची ठरवली. नंदुरबारला एका ओळखीच्या माणसाकडं वापरलेली, पण दणदणीत गाडी होती. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी डिस्क ब्रेक. आमच्याकडच्या गाड्यांना पुढं एक डिस्क असली तरी पुष्कळ झालं. ही उभी असली तरी माणसं वाकून बघत. काठी गावच्या होळीला मी याच गाडीवर येणार, असं बाबांनी अर्ध्या डोंगराला सांगून टाकलं होतं. पोरगा शिकला, नोकरीला लागला, आता त्याच्या गाडीला दोन डिस्क.

दोन दिवस चालवून बघ म्हणून मालकानं गाडी दिली. मी ती केंद्रासमोर उभी केली. सिस्टरनी चहाचा कप खाली ठेवला.

"दोन कसाले?"

मी वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं. घाट उतरताना ब्रेक तापतो, तापला की पकड सुटते. दोन डिस्क असल्या की उष्णता वाटली जाते आणि कमी जोरात गाडी थांबते.

"हाई खरं शे," त्या म्हणाल्या. "आनि खडीवर?"

"खडीवर बोट हलकं ठेवायचं."

"बकरी मधमा उनी तं? तवय बोट हलकं ऱ्हाई का?"

मी गाडीची किल्ली उचलली. म्हणालो, "मी एकटाच जाऊन बघून येतो." खरं म्हणजे मला त्यांच्या मनगटाची भीती होती.

"एकटा जाईसन काय समजी? मी मांगे बठस तं वजन पुढे येस." आणि लस संपलेल्या रिकाम्या बाटल्या डब्यात भरून त्या निघाल्यासुद्धा. आपली फिरती कशावर टांगली आहे, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

घाटात गाडी अशी चालली की काय सांगू. वळणं, उतार, समोर भरलेली जीप. एका बोटानं गाडी थांबायची. मागून आवाज आला, "मस्त थांबस रे हाई." मी मनातल्या मनात होळीला पोचलोही होतो.

मग डांबर संपलं आणि पाड्याकडं उतरणारी मुरमाची वाट लागली. ओढ्याच्या अलीकडं खरंच एक बकरी आडवी आली. बोट आपोआप दाबलं गेलं, घाटात दाबत होतो तितकंच. पुढचं चाक जागच्या जागी अडलं आणि खडीवरून बाजूला सरकलं. मी ब्रेक सोडला, दोन्ही पाय टेकले, आणि गाडी दरडीला टेकून तिरपी उभी राहिली. बकरी निघून गेली.

मागं बघायची माझी हिंमत होईना.

"बठेल शे मी अजून," सिस्टर म्हणाल्या. डबा त्यांनी पोटाशी धरला होता. "पन बाटल्या वाजन्यात."

  केंद्रावर परतल्यावर त्या म्हणाल्या, "आते तुन्ही जुनी गाडी आन. तठेच ब्रेक मार." मी नको म्हणत होतो, पण ऐकतंय कोण. जुन्या गाडीला पुढं एकच डिस्क. त्याच वाटेवर, त्याच ओढ्याआधी मी ब्रेक दाबला. गाडी थोडी जास्त पुढं गेली, पण सरळ गेली, आणि थांबली. डबा गप्प होता.

मग घाटही उतरून पाहिला. खाली येईपर्यंत एकटी डिस्क तापली, वास आला. माझं म्हणणंही खोटं नव्हतं. मग पुन्हा वर जाऊन, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिनच्या जोरावर उतरलो, तेव्हा ब्रेकला फारसं काम उरलं नाही.

"ती गाडी वाईट नही," त्या म्हणाल्या. "पन आपला रस्ता येगळा शे."

मी एका डिस्कची नवी गाडी घेतली. होळीच्या आधी बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं, आणि आमच्या बोलीत विचारलं, "दुसरी कुठं आहे?"

"दुसरीची गरज नाही," मी म्हणालो. "मागं सिस्टर बसतात."

त्या गाडीवर आम्ही त्यांच्या निवृत्तीपर्यंत फिरलो. सिस्टर पडल्या नाहीत. आता त्या शहाद्याकडं मुलाजवळ असतात. नव्या सिस्टर स्वतःच्या स्कूटीवर येतात, कामाला चांगल्या आहेत. माझ्या मागच्या सीटवर डबा दोरीनं बांधलेला असतो. उतार लागला की कान तिकडंच जातात.

निरोपाच्या दिवशी हारतुरे झाल्यावर सिस्टरनी मला आश्रमशाळेच्या मैदानावर नेलं. म्हणाल्या, "आज मी चालाडस. तू मांगे बठ." त्यांनी पुढचा ब्रेक दाबून पाहिला, मान हलवली आणि रिकाम्या बाटल्यांचा डबा माझ्या मांडीवर दिला. पहिल्या गिअरमध्ये, हिसके देत, आम्ही मैदान ओलांडलं. कुंपण जवळ आलं तसा त्यांनी ब्रेक असा आवळला की मी त्यांच्या पाठीवर आदळलो आणि डब्यातल्या सगळ्या बाटल्या एकदम खणखणल्या.

"सिस्टर, वाजल्या."

त्या हँडल घट्ट धरून लहान पोरीसारख्या हसत होत्या.

"वाजू दे रे पोऱ्या," म्हणाल्या. "आज वाजू दे त्यासले."