बंबाची वरची नळी

उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून ते बंबाच्या पोटावर टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, “मी काही सांगत नाही. तोच सांगतोय.” मग बंबाच्या मालकाकडे वळून, “ऐकलंत? आजारी आहे बिचारा. तुम्ही त्याला विकताय की पोचवताय?”

जुने बंब शोधून, साफ करून, बसवून देणारे हे मिस्त्री. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाचं एकदा पुरेसं वाटोळं केलं आहे.

पुण्यात थोडी वर्षं काढली असतील तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सायकलच्या हँडलला हातोडी-पक्कड भरलेली पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि मराठी इतकी स्वच्छ की समोरच्याने आपली एकदा तपासून घ्यावी. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. दुकान नव्हतं, पाटी नव्हती, कार्ड नव्हतं. एका खाणावळीने दुसऱ्या वसतिगृहाला सांगायचं, त्याने एखाद्या मंगल कार्यालयाला. लोकांच्या तोंडातलं नाव, एवढाच त्यांचा धंदा.

मी तेव्हा तरुण होते, म्हणजे अठ्ठावन्नची. शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. तीस वर्षं विज्ञान शिकवल्यामुळे आपल्याला न समजणारं असं जगात फारसं काही उरलेलं नाही, अशी माझी खात्री होती. कोथरूडच्या घरात मी एकटी, म्हणून वरच्या मजल्यावर कॉलेजच्या अकरा मुली ठेवल्या होत्या. विजेचा गिझर तिसऱ्या मुलीलाच मान टाकायचा. गल्लीच्या तोंडाशी फर्निचरवाला होता. तो लाकडाचे तुकडे “न्या हो बाई, फुकट न्या” म्हणाला, आणि माझ्या डोक्यात बंब पेटला. मागच्या अंगणात उघड्यावर मोठा बंब, तिथून खालच्या दोन न्हाणीघरांना नळ. एका खाणावळीच्या बाईंनी मिस्त्रींचं नाव सांगितलं.

कात्रजच्या पुढे एक मंगल कार्यालय पाडत होते. तिथे मागच्या बाजूला दोन बंब उभे होते. एक तांब्याचा, चकचकीत. दुसरा लोखंडी, काळा, म्हशीसारखा.

“हा तांब्याचा घेऊ,” मी म्हणाले.

“का?”

“छान दिसतोय.”

“बाई, शाळेत काय शिकवत होतात?”

“विज्ञान.”

त्यांनी तांब्याच्या बंबाच्या जाळाच्या तोंडातून आत डोकं घातलं आणि आतूनच बोलले, “चार ठिकाणी डाग दिलेत. चिंचेने घासून उभा केलाय, दाखवायला.” बाहेर आले तेव्हा एक भुवई काजळीने माखली होती. “हा अंगणात ठेवून आरती करायची असेल तर घ्या. आंघोळी करायच्या असतील तर ती म्हैस घ्या.”

म्हैस घेतली. टेम्पोत चढवताना ते हमालांना ओरडत होते, “अरे, हळू! तुमच्या लग्नात यानंच पाणी दिलं असेल!”

साफसफाईला पूर्ण दोन दिवस लागले. धुराड्यातून काजळी निघाली ती दोन पोती. आत पाण्याच्या जागेत क्षाराचा थर इतका जाड की छिन्नीने खपल्या काढाव्या लागल्या. मी खुर्ची टाकून समोर बसले होते आणि सूचना देत होते. सूचना देण्याची सवय निवृत्त होत नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, “मिस्त्री, आतून कपड्याच्या पावडरीने धुऊन घ्या, लवकर निघेल.”

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. “बाई, हा बंब आहे, पातेलं नाही. तुम्ही आत जा आणि वरणाचा कुकर लावा. त्यातलं तरी कळत असेल.”

गॅलरीत मुली उभ्या होत्या. त्या हसल्या. पुढे आठवडाभर कुणी चहा सांडला तरी दुसरी म्हणायची, “जा, वरणाचा कुकर लाव!” मला ऐकू जाईल अशा बेताने. ते मला लागलं. आता या वयात वाटतं, किती खरं आणि किती छान बोलले होते ते. पण तेव्हाची ती बाई भलतीच मानी होती. अंगाने पाच फूट आणि मान सहा फूट.

विटांच्या उंच ओट्यावर बंब बसला. गच्चीतल्या टाकीचं पाणी कॉक उघडून भरायचं, भरलं की कॉक बंद करायचा, मग जाळ घालायचा. बंबाच्या डोक्यातून एक नळी निघून थेट गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली होती. मिस्त्रींनी मला आणि अकराही मुलींना अंगणात उभं केलं आणि वर बोट दाखवलं. “हे याचं नाक. काहीही झालं तरी नाक दाबायचं नाही. बाई, तुम्हालाच सांगतोय.”

पुन्हा मुलींसमोर. पुन्हा मलाच.

पाणी उत्तम तापायचं. पण सकाळी गच्चीवर तुळशीला पाणी घालायला गेले की त्या नळीतून भसाभस वाफ निघताना दिसायची. अहो, ती वाफ बघवायची नाही मला. फुकटच्या लाकडाची असली म्हणून काय झालं, वाया जातेच ना? भाजीवालीकडून कढीपत्ता मागून घेणारी मी. तीन दिवस ती वाफ आकाशात जाताना पाहिली. चौथ्या दिवशी पहाटे गच्चीवर गेले. आदल्या संध्याकाळी मुलींनी भाजलेली कणसं खाऊन तिथेच टाकली होती. त्यातलं एक उचललं, त्याला फडक्याची पट्टी गुंडाळली आणि नळीच्या तोंडात घट्ट बसवलं. वरून मुठीने दोन ठोसेही दिले.

मी तीस वर्षं, दर वर्षी, चार-चार तुकड्यांना वाफेचा दाब शिकवला होता. किटलीच्या झाकणाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढायचे.

खाली येऊन बंब पेटवला. तासाभराने मिस्त्री आले. बंब बसवल्यावर पहिला महिना ते न बोलावता येऊन बघून जात. म्हणत, बाळंतिणीसारखं असतं, दुर्लक्ष करून चालत नाही. सायकल लावली, वर पाहिलं आणि थबकले.

“वाफ का दिसत नाही?”

दोन मुली बादल्या घेऊन उभ्या होत्या.

“बाई, नळीला काही केलंत का?”

इथे मी हो म्हणायला हवं होतं. त्यांनी जाळ ओढून काढला असता, मला चार शब्द बोलले असते, मुली आणखी आठवडाभर हसल्या असत्या. तेवढंच.

“छे!” मी म्हणाले. “मी कशाला काय करू?”

लोखंडावर, तांब्यावर, मालकांच्या शपथांवर विश्वास न ठेवणारा तो माणूस. माझ्या शब्दावर ठेवला. “मग आतच काही अडकलंय,” म्हणत मुलींना मागे सारलं आणि जाळ ओढून काढायला डावा हात पुढे केला. तेवढ्यात बाजूचा सांधा उसवला.

आवाज फार मोठा नव्हता. नंतरचा त्यांचा आवाज मोठा होता.

मुलींनी धावत जाऊन त्यांचा हात नळाखाली धरला. मी गच्चीकडे धावले. मलम आणायला, असं मी ओरडून सांगितलं. वर जाऊन ते कणीस उपसलं. इतकं तापलं होतं की दोन बोटांना फोड आले. फडक्यासकट शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये भिरकावलं. मग खरोखरच मलम घेऊन खाली आले. बघा, डोकं किती थंड होतं माझं.

“नळी,” ते म्हणत होते. “वरची नळी बघा कुणीतरी.”

आवाज ऐकून शेजारचे वकील आले होते. ते वर जाऊन बघून आले. “नळी मोकळी आहे. काही नाही तिथे.” आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “असल्या लोकांकडून काम करून घेताना विचार करावा, बाई.” ‘असल्या’ म्हणजे कसल्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं.

मिस्त्रींनी भाजलेला हात छातीशी धरून माझ्याकडे पाहिलं. “सांधा असा बाहेर उसवत नाही, बाई. कुणीतरी नाक दाबलंय.”

मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, “जुना माल गळ्यात मारलात आणि वर मलाच विचारताय?”

पुढे ते सांगत फिरले. त्या विज्ञानाच्या बाईंनी नळी बंद केली, असं सांगत. लोक ऐकून हसायचे. विज्ञानाची बाई, आणि वाफेची नळी बंद करेल? मी तर त्या आठवड्यात ओळखीच्या प्रत्येक खाणावळीत, प्रत्येक वसतिगृहात फोन केला. “मुली थोडक्यात वाचल्या हो,” असं घसा दाटून सांगायचे. खरं तर मुलींना मागे त्यांनीच सारलं होतं, पण ते फोनवर कसं सांगणार? महिन्याभरात त्यांना कुणी बंबाला हात लावू देईना. भंगारवाला म्हैस घेऊन गेला. मी गच्चीवर सोलर बसवलं.

पंधरा वर्षं गेली. मागच्या वर्षी सोलर बिघडलं, तर कंपनीने एक चाळिशीचा फिटर पाठवला. काम झाल्यावर तो हात पुसत घुटमळला. म्हणाला, “बाई, मी बंबवाल्या मिस्त्रींचा मुलगा. तुमच्याकडे अब्बांच्या हातून तो प्रकार घडला, त्याची माफी मागायची फार दिवस मनात होती. तेव्हापासून मी त्यांना कशाला हात लावू देत नाही. कात्रजला माझं छोटं दुकान आहे, तिथे नुसतं बसवून ठेवतो.”

आणि मी काय केलं असेल? मी त्याला माफ केलं. “असू दे रे, झालं ते झालं,” म्हणाले. वर पाठीवरून हातही फिरवला.

तो गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही. चार दिवस गेलं नाही. पाचव्या दिवशी रिक्षा करून कात्रजला त्याच्या दुकानात गेले. दाराशी खुर्चीत मिस्त्री बसले होते. डाव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेली, ती उघडायची नाहीत. मला पाहून उठले नाहीत. मुलाने मात्र धावत येऊन स्टूल पुसलं, चहा सांगितला.

मी उभ्यानेच बोलले. “तुझ्या वडिलांची काही चूक नव्हती. नळी मी बंद केली होती. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.”

“जरा मोठ्याने,” मिस्त्री म्हणाले. “दुकानात पंखा आहे. त्याला नीट ऐकू जाऊ दे.”

मी पुन्हा मोठ्याने सांगितलं.

मुलगा वडिलांकडे वळला. “अब्बा, तुम्ही बोलावून घेतलंत बाईंना? या वयात त्यांना हे बोलायला लावताय?”

“अरे, त्यांनी नाही बोलावलं! मी खरंच बंद केली. मक्याच्या कणसाने.”

“कणसाने!” त्याला हसू आवरेना. “बाई, तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका. तुम्ही कणीस खुपसाल? किती मोठं मन आहे हो तुमचं.” आणि वडिलांना, अगदी मायेने, लहान मुलाला सांगावं तसं, “अब्बा, बास करा आता. नका त्रास देऊ बाईंना.”

मिस्त्री त्याच्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

“कणीस?” त्यांनी विचारलं. “मला इतकी वर्षं वाटत होतं, बोळा असेल. चिंध्यांचा.” मग, “दाणे होते?”

“नाही. खाल्लेलं होतं.”

“खाल्लेलं,” ते म्हणाले. उजव्या हाताने खुर्ची उचलली, आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि बसले.

दिवाळीनंतर मुलाचा फोन आला. अब्बा गेले म्हणाला. “शेवटपर्यंत तुमच्यावरच ढकलत होते, बाई. आता तर येईल-जाईल त्याला कणीस-कणीस सांगत बसायचे. वय झालं होतं. तुम्ही मनावर घेऊ नका.”

मी म्हणाले, “अरे, ऐक, ते खरंच...”

“बघा,” तो म्हणाला, “अजूनही तुम्ही त्यांनाच सांभाळून घेताय.” त्याने माझे आभार मानले आणि फोन ठेवला.