अख्खं डांगर कोणी कापायचं

लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात, आणि अख्खं डांगर बाईनं कापायचं नसतं. पहिला घाव पुरुषाचा. त्यानं एकदा दोन भाग केले की पुढचं सगळं, म्हणजे फोडी करणं, सालं काढणं, किसणं, शिजवणं आणि भांडी घासणं, हे बाईचं. बाईनं पहिला घाव घातला तर घरच्या थोरल्या मुलाला बाधतं म्हणे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तरी इतकी वर्षं हे ऐकून मला कधी राग आला नव्हता. गेल्या दिवाळीआधी आला आणि तो अजून गेलेला नाही.

आईच्या बचत गटाला मंचरच्या एका प्रदर्शनात घारग्यांचा स्टॉल मिळाला होता. भोपळ्याचा कीस गुळात शिजवून, त्यात कणीक मळून तळलेल्या या गोड पुऱ्या आई फार चांगल्या करते. आमच्या बांधावरच्या वेलाची सहा डांगरं ओट्यावर मांडली होती. सकाळी आठला गटाच्या बायका पराती आणि किसण्या घेऊन अंगणात जमल्या आणि नुसत्याच बसून राहिल्या. वडील चाकणला वॉचमन आहेत, ते रविवारी येतात. दादा कांद्याचा टेम्पो घेऊन सुरतेला गेला होता. गटाच्या अध्यक्षबाईंचे मालक बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला गेले होते.

"अवं, फोन लावा की त्यांना."

"लावला. सौदा झाल्याबिगर निघत न्हाई म्हंत्यात."

"मंग तवर डांगराचं तोंड बघत बसायचं व्हय?"

सगळ्या हसल्या आणि बसूनच राहिल्या. दहा वाजले. मी मंचरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. त्या दिवशी आईला मदत म्हणून मुद्दाम रजा घेतली होती. मला राहवेना. गोठ्यातला कोयता आणला, धुतला आणि सगळ्यात मोठ्या डांगरावर घातला. दोन घावांत त्याचे दोन भाग झाले.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "झालं. शिकली म्हंजी लईच मोठी झाली."

दुसरी जरा मायेनं म्हणाली, "अगं बाय, भाऊ रस्त्याव हाय ना तुझा. गाडी चालिवतोय."

आईनं फक्त खिडकीत ठेवलेल्या फोनकडे पाहिलं.

शेवटी शेजारच्या आजोबांना आणलं. चार दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर पट्टी होती, वाकायचं नाही आणि जोर लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकीनं त्यांच्या हातात कोयता दिला, दुसरीनं त्यांचा हात धरून डांगरावर टेकवला, तिसरीनं वरून दाबला.

"कापलं का?" आजोबांनी विचारलं.

"कापलं, कापलं. पुढचं घ्या."

अशी पाच डांगरं 'कापून' आजोबा चहा पिऊन गेले. सगळा जोर बायकांच्या मनगटांचा होता, हे तिथल्या प्रत्येकीला दिसत होतं. तरी ती डांगरं चालली आणि माझं चाललं नाही. त्याची एक फोडसुद्धा कुणी परातीत घेतली नाही. "म्हशीला घाल," असं जाताना एकीनं आईला सुचवलं.

मी म्हशीला घातलं नाही. परातीएवढे दोन भाग, पण त्यातलं बीसुद्धा वाया घालवायचं नाही असं मी ठरवलं. चिरलेला भोपळा फार दिवस टिकत नाही, त्यामुळे रोज काहीतरी करणं आलं. बिया राखेत चोळून वाळत टाकल्या. सालींची तीळ घालून चटणी केली. एक दिवस भाजी, एक दिवस दही घालून भरीत. पगारातून घेतलेला छोटा ओव्हन तोवर बिस्किटांपलीकडे गेला नव्हता. त्यात कणीक, गूळ आणि शिजवलेला भोपळा घालून केक केला. पहिला मधे कच्चा राहिला. दुसऱ्या वेळी आईनंच सांगितलं, "भोपळा कापडात बांधून पाणी गळू दे आधी." तो केक छान फुलला.

आई सगळं शिकवत होती, शेजारी उभी राहून ढवळत होती, पण तोंडात काही घालत नव्हती. मीठ बघायलासुद्धा चमचा माझ्यापुढे करायची.

"आई, खा ना थोडं."

"त्याला घरी येऊ दे."

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. वापीजवळ टायर फुटला, कुणाला काही झालं नाही, पण यायला उशीर होईल. दुपारपर्यंत ही बातमी वाडीभर झाली. गटातल्या दोघी चौकशीला आल्या आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत बसल्या. कोयता मी आमच्या ओट्यावर चालवला आणि टायर वापीला फुटला! तो टायर गुळगुळीत झाला होता. दसऱ्याला टेम्पोला हार घालताना दादा स्वतःच म्हणाला होता, "ह्याचं काय खरं न्हाई आता." पण टायरला कोण विचारतो? बारावीनंतर दादा टेम्पोवर बसला, म्हणून माझं कॉलेज पूर्ण झालं. त्याच्या जिवावर मी उठले, अशा नजरेनं त्या बायका माझ्याकडे बघत होत्या. तितकं मला आयुष्यात काही लागलेलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दादा आला. आईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मगच ताट वाढलं. भरीत, चटणी, केक. सगळी हकिगत ऐकून तो हसला.

"टायर? आई, त्याच्या तारा बाहेर आल्या व्हत्या!" मग केकचा तुकडा मोडत मला म्हणाला, "पन पुढच्या टायमाला मला फोन करत जा. मी नसलो तर कुनाला तरी पाठवीन."

त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. म्हणूनच माझा तोल गेला.

"मी रोज एसटीनं मंचरला जाते, दादा. तो हायवे पायी ओलांडते. माझ्यासाठी कुठलं डांगर राखून ठेवलंय? थोरल्या मुलाला बाधतं, मग मुलीला काहीच बाधत नाही का?"

उत्तर आईनं दिलं.

"तुझ्यासाठी येगळं काय पाळायचं? तू घरात आल्याबिगर दुपारचा घास कवा उतारलाय माझ्या घशाखाली?"

मी साडेपाचला घरी येते. माझ्याबरोबर चहा घेताना ती भाकरी खाते, ती तिची आवड आहे असं मी समजत होते. नोकरीला दोन वर्षं होऊन गेली.

"दोन वर्षं?"

"मंग? त्यात काय एवढं."

समजूत पटायच्या ऐवजी मी जास्तच चिडले. ती भुकेली राहिली म्हणून माझी एसटी सुखरूप येते, हा हिशेब मला डांगराच्या हिशेबाइतकाच अन्यायाचा वाटला. दादाला काही झालं तर दोष माझा, आणि मला काही होऊ नये म्हणून पोट मारायचं तिनं. मी केकचा तुकडा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आत्ता खा. माझ्यासमोर." तिनं एकदा दादाकडे पाहिलं आणि खाल्ला. "गूळ कमी पडला," म्हणाली.

आता दुपारी एक वाजता मी ग्रंथालयातून तिला व्हिडिओ कॉल करते. जेवले म्हणून ती सांगते त्यावर माझा विश्वास नाही. ती कुरकुरत फोन ताटावर धरते. भाकरी बऱ्याचदा अख्खीच असते. तिनं ती मोडून पहिला घास घेईपर्यंत मी फोन ठेवत नाही.