काटो खंय?

सगळं जग मेल वाचतं, पण माझ्या समोरच्या टेबलावरचे काका मेल साफ करायचे! म्हणजे अक्षरशः, बांगडा साफ करावा तसा. आमचं परळचं ऑफिस हॉस्पिटलांना औषधं पुरवतं. औषध कंपन्यांकडून मेलचा नुसता पूर यायचा, आणि त्यातून हॉस्पिटलला लगेच कळवायला हवं तेवढंच उचलायचं, हे आमचं दोघांचं काम. मी नवीन, सुसाट. विषय वाचला की मेल उडवली! काका चष्मा कपाळावर ढकलून, स्क्रीनला नाक लावून एकेक ओळ खाली सरकवायचे आणि मालवणीत विचारायचे, "गो, काटो खंय?" काटा म्हणजे ज्याच्यावाचून कुणाचं तरी अडेल ती गोष्ट. काटा नसलेल्या मेलला ते 'बोंबील' म्हणायचे. साहेबांच्या मेलला तर हमखास. एकदा साहेब मागेच उभे होते! काका वळले आणि म्हणाले, "ताजो असा, पण बोंबीलच."

जेवायलाही आम्ही एकत्र. मला मासा आवडतो पण काट्यांची जाम भीती, म्हणून काका आपल्या डब्यातली तुकडी सोलून माझ्या डब्यात ठेवायचे. "शेपटेकडे नीट बघूचा. थंय काटे बारीक. तेच घशात अडाकतत."

मग ऑफिसात मेल निवडणारं सॉफ्टवेअर आलं आणि काकांची बदली ठरली, शीवच्या गोदामात. खोकी मोजायला. मी चिडले, ते पुढची मेल उघडून बसले.

त्याच आठवड्यात एका कंपनीची सणाच्या शुभेच्छांची मेल आली. सॉफ्टवेअरने ती बाजूला टाकली, मीही टाकली असती. काका मात्र फुलं, दिवे, सही, गोपनीयतेची ती लांबलचक सूचना, सगळं ओलांडून तळाला गेले. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, बाळांच्या थेंबांची एक खेप वापरू नका. मी हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून सिस्टर म्हणाली, "थांब गं... अजून खोका फोडला नाहीये." मी टेबलावर डोकं टेकून रडले. मला वाटलं, आता तरी बदली रद्द होईल. साहेब म्हणाले, "ग्रेट! सॉफ्टवेअरला हेही शिकवूया." बदली तशीच राहिली.

शेवटच्या दिवशी काकांची सगळ्यांना मेल आली. सहकार्याबद्दल आभार, चूकभूल माफ असावी, वगैरे. इतकी कोरडी की मला रागच आला. काका, अख्खा बोंबील? मी मान वर केली, तर समोरची खुर्ची रिकामी.

मग आठवलं. शेपटी. सहीखाली गेले, गोपनीयतेच्या सूचनेच्याही खाली गेले. पार तळाला, बारीक अक्षरात होतं,

"गो, डबो एकटी खाव नको."

घशात अडकलं काहीतरी. अजून तिथेच आहे.