भाड्याची किटली

आमच्या घरात भाड्याने घेतलेली एकच वस्तू आहे आणि ती माळ्यावर, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, भिंतीला टांगलेली आहे. पांढरा डबा, खाली नळ्या, पुढे एक काटा. घर गरम करणारा बॉयलर, नेदरलँड्समध्ये घरोघरी असतो तसाच. तो विकत घ्यायचा की दरमहा भाडं भरून वापरायचा, यावरून आम्हा नवराबायकोत जेवढं वाजलं तेवढं हे घर घेतानाही वाजलं नव्हतं.

आधी नवऱ्याबद्दल सांगते. तो फेल्डहोवनमध्ये चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतो, पण ते पोटासाठी. खरा धंदा घरातल्या वस्तू उघडून बसणे. सायकलचं पंक्चर, मिक्सरचं भांडं, वॉशिंग मशीनचा पट्टा, सगळं स्वतः. 'आपला हात जगन्नाथ' एवढंच त्याचं अध्यात्म. पैसे देऊन दुरुस्तीला माणूस बोलावला तर आपलं नाक कापलं गेलं असं त्याला वाटतं. आणि भाड्याचं म्हटलं की तो आणखी बिथरतो. पुण्यात त्याचं सगळं लहानपण भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागे. त्यामुळे या घराची किल्ली हातात आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर हॉलच्या भिंतीत एक खिळा ठोकला. त्याला टांगायला काहीच नव्हतं. तो खिळा अजून तसाच आहे आणि पाहुणे विचारतात, इथलं चित्र कुठे गेलं?

जुना बॉयलर घराबरोबरच आला होता. घराला एक खोड होती. वर्षभरात नळ्यांतल्या पाण्याचा दाब हळूहळू उतरायचा. म्हणून दर ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आधी, नवरा माळ्यावर जाऊन नळाला नळी जोडून पाणी भरायचा. मी खाली. वरून तो ओरडायचा, "अगं, बघ, तापतायत का?" मी हॉल, स्वयंपाकघर, पोरीची खोली असं करत खोली तापवणाऱ्या एकेका रेडिएटरला हात लावायचे आणि जिन्यात उभी राहून सांगायचे, "हो, तापतायत." मग तो, "सगळे?" मग मी, "सगळे." घरभर नुसती बोंबाबोंब. मला तो दिवस आवडायचा, पण त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने महिन्यातून एकदा पाणी भरलं असतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यातच बॉयलर खोकायला लागला. "हिवाळा काढणार नाही हा," नवरा म्हणाला. नवा कुठला विकत घ्यायचा हे त्याचं केव्हाच ठरलं होतं. बसवायचं काम मात्र कायद्याने परवानावाल्या माणसानेच करायचं असतं, याचा त्याला मनापासून राग होता.

सप्टेंबरात पुण्याहून फोन आला. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. सासरे नाहीत, नवरा एकुलता एक. तो तातडीने गेला, ऑपरेशन पार पडलं, आईपाशी दिवसरात्रीची बाई ठेवून परत आला. आठवड्यात बाई सोडून गेली. दुसरी ठेवली, तीही गेली. मग त्याने नोव्हेंबरपासून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. "तीन महिन्यांत आई चालायला लागेल, की मी परत." मी हरकत घेतली नाही. माझी आई असती तर मीही हेच केलं असतं. सासूबाईंना कायमचं इथे आणणं व्हिसाच्या नियमात बसत नाही, आणि बसलं असतं तरी त्या आल्या नसत्या.

तर रजा मंजूर झाली त्याच आठवड्यात, वरणभात कालवताना तो म्हणाला, "मी काय म्हणतो, बॉयलर भाड्याने घेऊ."

माझा घास हातात राहिला.

"म्हणजे बघ," तो ताटाकडे बघत बोलत होता, "बसवून ते देणार, सर्व्हिसिंग ते करणार. बिघडला तर नुसता फोन करायचा. माणूस येतो. रविवारीसुद्धा येतो."

माणूस येतो, असं हा म्हणत होता. इतकी वर्षं मी याच्या पाया पडत होते की बाबा रे, एकदा तरी माणूस बोलाव.

"तीन महिन्यांसाठी?" मी विचारलं.

"नाही गं, करार मोठा असतो. बऱ्याच वर्षांचा."

"तू तीन महिन्यांत येणारेस ना?"

"येणारच आहे."

"मग माणूस कशाला लागतोय?"

त्यावर तो वरणात मीठ कमी आहे म्हणाला. मीठ बरोबर होतं.

भांडी आवरताना मला ते सरळ दिसलं. फेब्रुवारीत परत यायचंय अशी खात्री असलेला माझा नवरा बॉयलर विकत घेईल, माळ्यावर रोज चक्कर मारेल, जाताना त्याला टाटासुद्धा करेल. भाड्याने घेणारा नवरा मला आपल्याशिवाय राहायची सोय करून देत होता. त्याचं त्यालाही नीट कळलेलं नसेल, पण सोय तो करत होता. बॉयलर कुठला येणार याच्याशी मला काडीचं घेणंदेणं नव्हतं. हा परत येणार की नाही, एवढंच मला हवं होतं.

मग मी विकत घेण्याच्या बाजूने भांडायला लागले. आमच्या दोघांच्या ओळखीतलं कोणी तेव्हा घरी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, यांनी जिभा बदलून घेतल्यात. मी म्हणायचे, आपली वस्तू ती आपली. तो म्हणायचा, उद्या सरकार बॉयलर काढून विजेवरचा हीट पंप लावा म्हणेल, मग स्वतःच्या बॉयलरचं काय लोणचं घालायचं? त्याने कॉम्प्युटरवर सगळं मांडून बघितलं, तर दोन्हीकडे जवळपास सारखंच आलं. हिशोबाचा आधार दोघांचाही गेला.

"भाड्याचं म्हणजे दुसऱ्याचं, असं कोण म्हणायचं?" मी विचारलं.

"अगं, परिस्थिती बघावी लागते."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? सांग ना सरळ, की येणार नाहीयेस."

तो चिडला. "असं मी म्हटलेलं नाही."

"म्हटलं नाहीस. भाड्याने घेतोयस."

दोन दिवस आम्ही पोरीमार्फत बोललो. पोरगी दहा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते. बॉयलरला डचमध्ये केटेल म्हणतात. तिने आजीला फोनवर मराठीत बातमी द्यायचं मनावर घेतलं आणि म्हणाली, "आजी, बाबा नवीन केटेल आणतोय. भाड्याने."

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "किटली? भाड्याने? अगं, त्याला म्हणावं माझ्याकडे दोन पडल्यात, एक घेऊन जा."

मी स्वयंपाकघरात हसले, तो हॉलमध्ये हसला, आणि एकमेकांचं हसू ऐकून दोघंही गप्प झालो. त्या दिवसापासून आमच्याकडे बॉयलरला किटली म्हणतात.

भाड्याने देणाऱ्या कंपनीचा माणूस जागा बघायला आला. उंच होता, माळ्याच्या तुळईला डोकं आपटलं तरी चेहरा हलला नाही. सगळी माहिती देऊन झाल्यावर म्हणाला, भाड्याने घेतलंत की तुम्हाला यातलं काहीही कळायची गरज नाही. त्याने हे कौतुकाने सांगितलं. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं, त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त राग आला.

शेवटी हो मीच म्हटलं. हट्ट माझा आणि थंडीत कुडकुडणार पोरगी, याला काही अर्थ नव्हता. मला पाना धरता येत नाही, आणि कडाक्याच्या दिवशी बंद पडला तर मी कोणाच्या तोंडाकडे बघणार होते? "घे भाड्याने," मी म्हटलं. त्याला आणखी भांडणाची अपेक्षा होती. तो केर टाकायला निघून गेला, जो मी आधीच टाकला होता.

नवी किटली बसली. निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला माळ्यावर नेलं. कुठला नळ आधी उघडायचा त्यावर लाल टेप लावली होती. "पाणी भरायचं तेवढं बघून ठेव."

"मला कशाला? माणूस येतो ना."

"अगं, नुसतं बघ तरी."

मी हाताची घडी घालून छताच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. तो सगळं सांगत होता. मी ऐकलं नाही असं त्याला वाटावं एवढी काळजी मी घेतली, आणि खरंच फारसं ऐकलं नाही.

विमानतळावर तो "येतो" म्हणाला. आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत. कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला माणूसही येतो म्हणतो आणि पोरंबाळं टाकून परदेशी निघालेलाही येतोच म्हणतो. त्यामुळे त्या शब्दावर भिस्त ठेवता येत नाही, रीत म्हणून तो म्हणायचा असतो. रीतीप्रमाणे मी "ये" म्हटलं. परतताना पोरगी ट्रेनमध्ये झोपली.

नोव्हेंबर, डिसेंबर गेले. किटली निमूट चालत होती. नवरा तिकडे पाच वाजता उठून आईला व्यायाम करायला लावत होता, बाथरूममध्ये धरायला कड्या बसवत होता, वॉकरची चाकं बदलत होता. जानेवारीच्या शेवटी म्हणाला, रजा दोन महिने वाढवून मिळाली. मी बरं म्हटलं. मग एकदा म्हणाला, आपल्या कंपनीचं काम पुण्यातून करता येईल का, असं साहेबांना सहज विचारून ठेवलंय. सहज. मी त्यालाही बरं म्हटलं आणि त्या दिवशी पोळ्या करपवल्या.

फेब्रुवारीत कालव्यावर बर्फ धरलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच आठवड्यात एका रविवारी सकाळी उठले तर घर गार. रेडिएटर हात लावला तर चटका बसेल इतके थंड. पोरीला दोन स्वेटर घालून पांघरुणात बसवलं आणि माळ्यावर गेले. दाबाचा काटा जवळजवळ शून्यावर. किटली नवी होती, पण घरातल्या नळ्या जुन्याच. खोड नळ्यांची होती, यंदा वर्षाच्या आतच उपटली.

मी कंपनीला फोन केला. रविवार असूनही लगेच उचलला, हे कबूल करायला हवं. बाई गोड होती. तिने काटा कुठे आहे विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, मग काही बिघाड नाही, फक्त पाणी भरायचंय, आणि ते तुम्ही स्वतः करायचं असतं. आपलं डच कच्चं, म्हणून मी पुन्हा विचारलं. तिने सावकाश पुन्हा सांगितलं. त्यासाठी माणूस येत नाही.

माळ्यावरच्या गार फरशीवर बसून मी हसत सुटले. मग डोळे पुसले आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

तो स्वयंपाकघरात दुधी भोपळा चिरत होता. दाढी वाढली होती. मी काही बोलायच्या आधीच त्याला माझ्या मागची किटली दिसली. "काटा दाखव," म्हणाला. मी दाखवला. "नळी घे. दुसरं टोक जोडायच्या आधी नळीत पाणी भरून घे, हवा राहता कामा नये. तो नाही, लाल टेपवाला." मी मोबाईल मशीनवर टेकवून ठेवला. पहिल्यांदा नळी सुटली आणि कोपरापर्यंत बाही भिजली. मी त्याला दोन शिव्या घातल्या, त्याने त्या ऐकून घेतल्या. दुसऱ्यांदा बसली. पाण्याचा सळसळ आवाज आला आणि काटा हलायला लागला.

"सावकाश. सावकाश. बस, बंद कर."

काटा हिरव्या पट्टीच्या मधोमध थांबला. किटलीने जरा विचार केला आणि पेटली.

"पोरीला खाली पाठव," तो म्हणाला. शिव्या ऐकून ती माळ्यावर आलीच होती, पांघरूण गुंडाळूनच खाली गेली. त्याला राहवलं नाही, तो तिकडून मोबाईलमध्येच ओरडला, "तापतायत का गं?" ते अर्थातच तिला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले, "तापतायत का?" थोड्या वेळाने खालून डचमध्ये उत्तर आलं, "या! वार्म!" हो, गरम.

तो हसला. "जमलं की तुला. बघ, एवढंच असतं. आता माझं तिथे काही..."

बाहीतून पाणी ठिबकत होतं. काटा मला दिसत होता, त्यालाही दिसत होता.

"नाही जमलं," मी म्हटलं.

"अगं, पण काटा तर..."

"नाही जमलं म्हणते ना. मला वर नाही राहायचं. मला खाली उभं राहून रेडिएटरला हात लावायचाय आणि तू वरून ओरडायचंस. मला तेच आवडतं. तू ये."

किटलीची गुरगुर तेवढी ऐकू येत होती, त्यालाही येत असणार. मागून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं रे? किटली बिघडली का?"

"नाही आई. किटली ठीक आहे," तो मान न वळवता म्हणाला.

फोन बंद करताना तो नेहमी "ठेवतो" म्हणतो. त्या दिवशी हातात सुरी, समोर अर्धा चिरलेला भोपळा, कुठे निघालेला नव्हता. तरी "येतो" म्हणाला.