हौसेनं येते

रोह्यात बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आमच्यासकट तीन-चारच घरं उरली होती. शुक्रवारी दिवा लागायचा, शेमाची प्रार्थना म्हटली जायची, मटण असलं की पानात दही-दूध यायचं नाही. असं का, ते घरात कोणी विचारत नसे. आईनं देवनागरीत छापलेल्या हिब्रू प्रार्थना माझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. आई गेल्यावरही मी त्या म्हणत राहिले, पण अर्थ विचारला असता तर सांगता आला नसता.

नव्वदीच्या सुरुवातीला मी रोह्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. पेणला मावशीकडे गेले असताना तिच्याबरोबर शनिवारी मशिदीत गेले. आमच्या प्रार्थनालयाला आम्ही मशीदच म्हणतो. तिथं हज्जानकाका प्रार्थना चालवायचे. त्यांचं पेणमध्ये रंगांचं दुकान होतं आणि हमरापूरचे मूर्तिकार त्यांचं गिऱ्हाईक. गणपतीच्या तोंडावर बाकीचे दुकानदार जेवायलाही उठत नसत, तेव्हासुद्धा शनिवारी काकांच्या दुकानाला कुलूप असायचं. मूर्तिकार शुक्रवारीच रंग नेऊन ठेवायचे.

प्रार्थना संपल्यावर मी काकांना एका शब्दाचा अर्थ विचारला. ते ओटीवर बसले आणि म्हणाले, की आत्म्याला हिब्रूत जो शब्द आहे तोच श्वासालाही आहे. सहा दिवस काम करून देवानं सातव्या दिवशी श्वास घेतला, असं तिथं म्हटलंय. मी ते लहानपणापासून दर शनिवारी म्हणत होते. परतताना एसटीत मी तेवढंच पुन्हा पुन्हा ओठांत घोळवत होते.

मग दर शुक्रवारी शाळा सुटली की मी पेणची गाडी धरू लागले. वडखळला गाडी रेंगाळली की जीव वरखाली व्हायचा, कारण सूर्य मावळायच्या आत मावशीच्या दारात पोचायचं असायचं. शनिवारच्या सकाळच्या शाळेचा प्रश्न होता. माझा वर्ग एका सहकारी बाईंनी घेतला आणि बदल्यात त्यांची कच्ची मुलं मी रोज शाळेनंतर बसवून घेऊ लागले. त्यांनी विचारलं होतं, मारुतीचा उपवास धरलाय का. मी म्हटलं, उपवास नाही, उलट त्या दिवशी पोटभर जेवायचं असतं.

पुढची दोन वर्षं मी काकांकडे शिकले. अक्षरं, मग शब्द, मग त्या आठवड्याचा तोरातला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, भाग. एकेका ओळीवर आम्ही दुपार घालवायचो. मी वाद घालायचे, काका हसायचे आणि म्हणायचे की आता मलाच घरून अभ्यास करून यायला लागतो. आठवडाभर मुलांपुढे ओरडून दमलेली मी रविवारी रोह्याला उतरायचे ती ताजीतवानी. वडील म्हणायचे, पेणला काय खायला घालतात तुला.

एके दिवशी कळलं, की परदेशातले एक धर्मशिक्षक कोकणातल्या गावांतून फिरणार आहेत. मुंबईत काही महिने शिकवून ते इथल्याच कोणाला तरी मुलांना शिकवायला तयार करणार होते. काका म्हणाले, "तुझंच नाव सांगणार मी. दुसरं हाय कोण गो?"

पाहुणे रविवारी आले. आम्ही बायकांनी पोहे, गूळ, खोबरं कालवून मलिदा केला होता आणि मी ताट घेऊन मशिदीच्या दाराशी उभी होते. बरोबर मुंबईचे एक गृहस्थ दुभाषे म्हणून होते. पाहुण्यांनी काकांना हिब्रूत विचारलं, की इथं समजून वाचणारं कोणी आहे का. त्याचं मराठी व्हायच्या आधीच प्रश्न मला कळला आणि मी काकांकडे पाहिलं.

"नाय," काका म्हणाले. "बाया ऐकून ऐकून म्हणतात."

पाहुण्यांची नजर माझ्याकडे गेली. दुभाष्यानं विचारलं, या कोण.

"रोह्याची हाय. हौसेनं येते. आवाज बरा हाय तिचा."

मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांसमोर काका खोटे पडले असते. मी ताट पुढे केलं. पाहुण्यांनी मूठभर मलिदा घेतला आणि मान लववली.

संध्याकाळी मी दुकानावर गेले. काका डबे लावत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बाईमाणसाला तोरा शिकवली हे त्या माणसाला रुचलं नसतं, असं ते म्हणाले.

"त्यांनी तसं म्हटलं का?"

"म्हटलं नाय. पण मला तिकडं जायचंय. त्यांच्या एका शब्दावर सगळं हाय. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

काका इस्रायलला जाणार होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मावशीला ते कधीचं ठाऊक होतं.

पुढच्या शुक्रवारी मी एसटी धरली नाही. रोह्यातच दिवा लावला, प्रार्थनेचं पुस्तक काढलं, पण प्रत्येक ओळ काकांच्या आवाजात ऐकू यायची. मी ते मिटून ठेवलं. शनिवारी वर्गावर जाऊ लागले. दुपारी घरी आले की अंग नुसतं जड पडायचं. काका वर्षभरात इस्रायलला गेले. निरोपाला मी गेले नाही.

त्यानंतर पेणला सामुदायिक प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुषही जमेनात. मावशीनं निरोप पाठवला, की शेजारच्या दोघी मुलींना अक्षरं तरी शिकव. मी नाही म्हणणार होते. पण गेले. थोरलीनं तिसऱ्याच दिवशी विचारलं, "हा शब्द कालपण आला होता ना? मग आज त्याचा अर्थ वेगळा का?" मी तिच्याशी वाद घालायला बसले आणि मावशीनं दोनदा हाक मारली तरी उठले नाही. त्या दिवसापासून प्रार्थना पुन्हा माझ्या स्वतःच्या आवाजात येऊ लागली.

दशक सरत आलं तेव्हा इस्रायलहून एक नातेवाईक बाई आल्या. काका तिथं सगळ्यांना सांगतात म्हणे, कोकणात माझी एक शिष्या आहे, बायकांत तिच्यासारखं वाचणारं कोणी नाही. हे ऐकून मी हरखून जाईन असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना चहा दिला, काकांची तब्येत विचारली. तिकडं बसून हे सांगायला काकांना आता काही गमवावं लागत नव्हतं. माझं नाव त्या रविवारी, मी दाराशी उभी असताना, घ्यायला हवं होतं.