साखर आणि त्सुकोर

नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे मी जपानमध्ये, टोकियोजवळच्या ग्योतोकुला आले, तेव्हा मला जपानी अजिबात येत नव्हतं. स्टेशनजवळच्या हॉलमध्ये काही निवृत्त मंडळी परदेशी लोकांना हौसेने जपानी शिकवत. तिथे माझ्या शेजारी एक युक्रेनियन बाई बसायची. माझ्याच वयाची, युद्ध सुरू झाल्यावर एकटीच इकडे आलेली. थोडं इंग्रजी, थोडं मोडकं जपानी, एवढ्यावर आमचं जमलं.

एकदा ती घरी चहाला आली. डबा पुढे करत मी सवयीने विचारलं, "साखर?"

तिचा हात थबकला. "हा तर रशियन शब्द!"

"छे गं, मराठी आहे. संस्कृतातून आलेला."

"मग चालेल," ती हसली. "आम्ही त्सुकोर म्हणतो."

मग ती बोलतच राहिली. तिच्या शहरात घरोघरी रशियनच बोलत. दुकानात कुणी युक्रेनियन बोललं, तर लोक विचारत, "खेड्यातून आलात का?" झारच्या काळात म्हणे ही भाषाच नाही, नुसती बोली आहे, असं ठरवून तिच्यातली पुस्तकं छापायला बंदी घातली होती. पुढे सोव्हिएत राजवटीत वर्णमालेतलं 'ग'चं अक्षरच काढून टाकलं. रशियनमध्ये तसं वेगळं अक्षर नव्हतं, मग यांना तरी कशाला? ती शाळेत असताना ते परत आलं. बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा वर्गातली मुलं हसली होती.

"मीही हसले होते," ती म्हणाली. "युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात ठरवलं, आता घरातसुद्धा युक्रेनियनच. आई फोनवर रशियनमध्ये उत्तर देते. देऊ दे. मी बदलत नाही."

मला माझं घर आठवलं. इथल्या शाळेत जाणारी माझी लेक मला जपानीत उत्तर द्यायची आणि मीही मुकाट्याने मोडक्या जपानीवर यायचे.

शरद ऋतूत हॉलमध्ये मेळावा होता. प्रत्येकाने आपली भाषा लोकांना दाखवायची. सकाळी लेकीला घेऊन मी पोचले, तर मैत्रिणीच्या टेबलावर पाटी होती, 'रशियन, युक्रेनियन'. माझ्या टेबलावर 'इंदो-गो', म्हणजे भारतीय भाषा.

आमचे शिक्षक सत्तरीचे, अतिशय सज्जन. त्यांच्यासमोर ती ताठ उभी राहिली. "सेन्सेइ, या टेबलावर मी बसणार नाही."

ते गोंधळले. "पण दोन्ही भाषा सारख्याच ना? तुम्हाला तर रशियनही उत्तम येतं."

"येतं. म्हणूनच सांगते, सारख्या नाहीत."

आजूबाजूचे सगळे खाली बघू लागले. इथे असं तोंडावर कुणी बोलत नाही. माझ्या मात्र तोंडातून निघून गेलं, "सेन्सेइ, इंदो-गो नावाची भाषाच नाहीये. माझी मराठी आहे."

मी माझी पाटी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर जाड मार्करने 'मराठी' लिहिलं. खाली तिने तिच्या लिपीत 'युक्रेनियन' लिहिलं. एकाच टेबलावर बसलो. ती मुलांना तिचा 'ग' काढायला शिकवत होती, मी 'ळ' म्हणायला. जपानी मुलांची जीभ पार वळून जायची.

दुपारी एक भारतीय गृहस्थ पाटी बघून थांबले. हिंदीत म्हणाले, "मराठी म्हणजे जवळजवळ हिंदीच की!"

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. त्या दिवशी खुर्ची पुढे सरकवून मी म्हटलं, "बसा. आधी 'ळ' म्हणून दाखवा, मग बोलू."

बसले बिचारे. तीन वेळा 'ल' म्हणाले. पलीकडे उभी असलेली माझी लेक खुदकन हसली आणि त्यांना म्हणाली, "काका, जीभ मागे घ्या." मराठीत.