कोरस उचलता येईल असा हेडफोन

बुधवार, १५ जानेवारी २०२५, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. बोरीवलीतील आमच्या दिवाणखान्यात मुलाने टीपॉयवर एक खोके ठेवले आणि म्हटले, "बाबा, आजपासून हे."

खोक्यात काळा हेडफोन होता. आदल्या दिवशी संक्रांत झाली होती. वर्षभराचे गोड बोलणे घराने त्या एका दिवसात उरकून घेतले असावे.

सून आठवड्यातील बहुतेक दिवस घरून काम करते. तिचे टेबल आतल्या खोलीत, दिवाणखान्याच्या भिंतीला लागून आहे. दहा वाजता तिच्या मीटिंगा सुरू होतात, आणि दहा वाजताच आमचे भजन सुरू होते. आमचे म्हणजे माझे आणि माझ्या पत्नीचे. लालबागच्या चाळीतील भजन मंडळात, नोकरी सांभाळून, मी उमेदीची सारी वर्षे पखवाज वाजवला. पुढे बुवा गेले, मंडळ मोडले, माझे मनगट दुखू लागले. मागे राहिली ती डबलबारीची ध्वनिमुद्रणे. दोन बुवा समोरासमोर बसतात आणि एकमेकांना चिमटे काढीत आळीपाळीने भजन करतात, ती डबलबारी. चहा-नाश्ता आटोपला की पत्नी भाजी निवडायला बसते, मी स्पीकर लावतो, आणि तासभर आम्ही दोघे एका जागी असतो. उरलेला दिवस आम्ही एकमेकांच्या चुका काढण्यात घालवतो.

मागच्या आठवड्यात सुनेच्या मीटिंगमध्ये कोणी परदेशी गृहस्थाने विचारले होते की तुमचे ऑफिस देवळात आहे काय. ती हसली नव्हती.

"उद्यापासून स्पीकर माळ्यावर," ती खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली. "हेडफोन लावा, नाहीतर बंद. मला नोकरी करायची आहे, बाबा."

"आणि आईला?" मी मुलाला विचारले.

"आई कुठे ऐकते? ती भाजी निवडते."

पत्नी रागावली की मालवणीत बोलते. त्या दिवशी ती रात्रीपर्यंत मालवणीतच बोलली.

"माझ्यासाठी नाय हाडलंस? मी काय भिंत आसंय?"

"आई, एक तास गेला तर काय बिघडतं?"

मी वाद घातला नाही. हेडफोन चढवला. दोन्ही बाजूंनी तो चिमट्यासारखा बसला. चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. गाद्यांना कातड्यासारखे काहीतरी लावले होते, आणि जानेवारी असूनही कान घामेजले. आवाजाबद्दल सांगायचे तर पखवाज वाजत नव्हता, कोणीतरी रिकाम्या पिंपावर बुक्के मारीत होते. बुवा, पेटी, झांज, कोरस, सगळे माझ्या कवटीत एकमेकांच्या मांडीवर बसले होते. हे ध्वनिमुद्रण चांगले आहे. कार्यक्रमाच्या वेळी सभागृहाच्या माणसाने दोन माइक लावले होते, एक बुवांपुढे आणि एक माझ्या पखवाजापुढे. कोण कोठे बसला होता हे स्पीकरवर डोळे मिटून सांगता येते. येथे एकच गोळा झाला होता.

मी तो काढला. पत्नीने तो माझ्या हातातून ओढून घेतला, अंबाडा सावरला आणि डोक्यावर चढवला.

आता येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्याकडे भजन ऐकत नाहीत, उचलतात. बुवांनी ओळ टाकली की ती कोरसने उचलायची. चाळीत कोरस फक्त मंडळाचा नसे. गॅलरीत उभ्या असलेल्या बायका, जिन्यात बसलेली माणसे, सगळे उचलीत. इतक्या वर्षांची ही सवय घशात असते, डोक्यात नसते.

बुवांनी ओळ टाकली. पत्नीने उचलली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, त्यामुळे तिने तो हवा तितका वर नेला. स्पीकर इतक्या मोठ्याने कधीही वाजला नव्हता. वर तिने तालावर टाळ्या धरल्या.

सून खोलीतून धावत आली. "आई! आई, मी कॉलवर आहे!"

पत्नी डोळे मिटून दुसरी ओळ उचलीत होती. मुलाने पुढे होऊन हेडफोन तिच्या डोक्यावरून उचलला, तेव्हा ती त्याच्यावरच उखडली. "मधीच कित्याक काढलंस?"

"तू ओरडत होतीस!"

"मी? मी कोरस धरलंय."

"मग मनात धर ना, यार! ऐकायचं तर गप ऐका."

"भजन गप ऐकत नाहीत," मी म्हणालो.

"मग मंडळात जा तुम्ही."

मंडळ मोडले आहे हे त्याला ठाऊक होते. तो बोलून गेला आणि टीपॉयवरचे खोके आवरू लागला.  सुनेने म्हटले, "संध्याकाळपर्यंत काय ते ठरवा. माझा राग तुमच्यावर नाही. पण उद्या दहाला मला शांतता हवी." राग आमच्यावरच होता, हे तिच्या दार लावण्यावरून कळले.

मी शर्ट बदलला. पत्नी म्हणाली, "खंय चाललात?"

"हेडफोन घ्यायला."

"मी पण येतंय. तुमचा डोका लहान. माझा माका बघूक व्हया."

मेट्रोने अंधेरीला गेलो.  

दुकान थंड होते आणि तेथे बसायला एकच खुर्ची होती. ती पत्नीने घेतली. विक्रेता चाळिशीचा, पोट सुटलेला, घाईत असलेला माणूस होता. माझ्याकडे पाहताच त्याने वयोवृद्धांसाठी असलेले बोलणे काढले.

"काका, टीव्ही बघायला ना? सीरियल?"

"भजन. पखवाज आहे त्यात. घरातच वापरायचा आहे. तासभर डोक्यावर टोचता कामा नये, चष्मा आहे. आवाजात जागा हवी, आणि खालचा आवाज उबदार हवा."

"बेस हवा म्हणा ना. हा घ्या, झकास बेस. छातीत बसतो."

"छातीत नको. पखवाजात हवा."

पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक थापतात. तिच्यामुळे आवाज खाली उतरतो आणि गोल होतो. कणीक कमी पडली तर तोंड कोरडे बोलते, जास्त झाली तर गुदमरते. मी ती आयुष्यभर बोटांनी जोखली आहे. विक्रेत्याच्या झकास हेडफोनमध्ये कोणीतरी परातभर कणीक लिंपली होती. तसे मी त्याला सांगितले.

"काका, तुम्हाला हेडफोन हवाय की पोळ्या करायच्यात?"

"तुम्हाला विकायचा आहे की विनोद करायचे आहेत?"

दुसरा हेडफोन त्याने काढून दिला. तो हलका होता, पण कानशिले दाबीत होता. तिसरा पत्नीने डोक्यावर ठेवला आणि तत्काळ काढला. "डोक्यार दगड ठेवल्यासारखा वाटता. आणि कुड्यो टोचतत." विक्रेत्याने कुड्या काढून बघायला सुचवले. पत्नीने त्याच्याकडे असे पाहिले की तो पुन्हा तसे काही बोलला नाही.

काचेच्या कपाटात वरच्या खणात दोन मोठे हेडफोन होते. त्यांच्या वाट्यांना बाहेरून जाळी होती, गाद्या मखमली कापडाच्या.

"ते?"

"ते ओपन आहेत, काका. पाठ उघडी. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. घरात माणसं असतील तर उपयोग नाही. स्टुडिओवाले नेतात."

"काढा."

"पण सांगून ठेवतो, नंतर परत घेत नाही."

"काढा म्हणालो."

माझ्या जुन्या फोनला वायर लावता येते. त्यात मी आमची डबलबारी घालून आणली होती. पहिला जाळीचा हेडफोन चढवला. जागा होती. बुवा समोर, पेटी त्यांच्या हाताखाली, झांजवाला मागे डावीकडे. परंतु पखवाजाचे डावे तोंड कोरडे होते. थाप पडे आणि खाली काही उरत नसे. दुसरा चढवला. वाट्या मोठ्या, कान पूर्ण आत. चष्म्याच्या काड्या मखमलीत मुरल्या आणि रुतल्या नाहीत. उजवीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, पखवाज होता. डाव्या हाताची थाप पडली, खाली उतरली आणि तेथे थोडा वेळ राहिली. कणीक बरोबर लागली होती. ती मीच लावली होती.

 मी तो काढून पत्नीला दिला.

तिने अंबाडा मागे केला. डोक्यावरची पट्टी अंबाड्याच्या पुढे बसली. कुड्यांना वाट्यांत मोकळी जागा होती.  मग ती म्हणाली, "ह्यात बुवा खंय बसलेत तां कळता." आणि पुढच्या ओळीला तिने कोरस उचलला.

विक्रेत्याने दुकानभर पाहिले. परंतु ती ओरडली नाही. कोरस तिने बेतात धरला होता, शेजारी झोपलेले माणूस असावे तसा. उघड्या जाळीतून तिला तिचाच आवाज ऐकू येत होता. मी तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढून तिला पहिला, छातीत बसणारा, चढवला. पुढच्याच ओळीला दुकानातील सगळ्यांनी वळून पाहिले.

"काकू, हळू!"

"काय म्हणता तो?" पत्नीने मोठ्याने मला विचारले.

मी तिला पुन्हा जाळीचा चढवला. आवाज खाली आला. एवढे मला पुरे होते.

"हा. दोन नग. आणि एका फोनला दोन वायरी लागतील अशी पिन."

"दोन? काका, आधीच सांगतो, शेजारच्याला ऐकू जाईल."

"शेजारी हीच बसते."

"कशाक दोन?" पत्नी म्हणाली. "तुम्ही झिलान हाडलेलो घाला."

"मुलाने आणलेला? तू घाल."

"माका दगड नको."

तेथे पहिल्यांदा विक्रेता हसला. मी हसलो नाही. दोन नग बांधून घेतले.

घरी आलो तेव्हा मुलगा बाहेर गेला होता. सून कामात होती. तिने दार किलकिले केले, पिशवीत डोकावली. "वायरवाले? आणि दोन? बाबा, यातून आवाज बाहेर येतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तू आत बस, दार लाव. आम्ही येथे बसतो. तुझ्या कामाला त्रास होतो की नाही ते तूच सांग. झाला तर उद्या स्पीकर माळ्यावर आणि हेही."

तिला हे अपेक्षित नव्हते. तिने दार लावले. आम्ही नेहमीच्या दोन खुर्च्यांवर बसलो आणि डबलबारी लावली. समोरच्या बुवांनी आमच्या बुवांना टोमणा मारला. आमच्या बुवांनी उत्तर दिले. पत्नीने कोरस उचलला, खालच्या आवाजात. मीही उचलला. कितीतरी वर्षांनी तिचा आवाज आणि माझ्या पखवाजाचे डावे तोंड मला एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी ऐकू आले. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

भजनाचा शेवटचा गजर संपला तशी सून बाहेर आली.

"ऐकू आलं," ती म्हणाली.

"काय?"

"आईंचा आवाज. पुटपुटल्यासारखा. तो माझ्या माइकमध्ये जात नाही, मी रेकॉर्ड करून बघितलं." ती थांबली. "टाळ्या मात्र गेल्या."

"हात बांधून भजन करतत काय गो?" पत्नी म्हणाली.

"ते मला माहीत नाही, आई. टाळ्या जातात. बाकी चालेल."

"भिंतीपासून लांब बसलो तर?" मी विचारले.

"स्वयंपाकघराच्या बाजूला बसा. आणि टाळी मांडीवर मारा. त्याहून जास्त मी काही करू शकत नाही."

"मांडी माझी आसा," पत्नी म्हणाली. "तुका कित्याक पडली?"

 सुनेने दार लावले, पण या वेळी आपटले नाही. मुलगा आल्यावर त्याला काय सांगायचे ते तिचे तिने सांगितले असावे. त्याने जेवताना विषय काढला नाही आणि मीही त्याला संधी दिली नाही.

जेवणानंतर मी दोन्ही खुर्च्या आतल्या खोलीच्या भिंतीपासून काढून स्वयंपाकघराच्या दाराशी आणल्या. मधे टीपॉय, त्यावर फोन. पत्नी कुकरकडे उठताना अडखळू नये म्हणून दोन्ही वायरी जमिनीलगत घेऊन टीपॉयच्या पायाला सुतळीने बांधल्या.